साव्हेरिओच्या दगडावरचा शब्द

सिसिलीतल्या पालेर्मो शहराच्या बोर्गो वस्तीत लिबोरिओ थडग्यांचे दगड कोरायचा. एका सकाळी निन्फामावशी आली. तिचा नवरा साव्हेरिओ नुकताच गेला होता. हातगाडीवर मासे विकायचा, पण टोपी तिरकी घालून असा चालायचा, की बायका भाव करायचं विसरत.

"नावाखाली एकच शब्द घाल," मावशी म्हणाली. "माफिउसू."

लिबोरिओच्या हातून छिन्नी पडली. "हळू बोल मावशी! माफियातल्या गुंडांना म्हणतात तसं."

"ते तुम्ही म्हणता. आमच्या वेळी देखण्या, रुबाबदार गड्याला म्हणायचे. माझी आई तर चांगल्या वांग्यालासुद्धा म्हणायची."

बघतो म्हणून त्याने तिची बोळवण केली. दुसऱ्या दिवशी डॉन मोम्मो दुकानात येऊन बसला. त्याचा धंदा काय, हे वस्तीत कुणी विचारत नसे. तो आला की लोक आधी उठत, मग नमस्कार करत.

"तू म्हणे एक शब्द कोरणार आहेस."

"मावशीचा हट्ट आहे, डॉन मोम्मो."

"असा शब्दच नाही. पेपरवाल्यांनी काढलेलं खूळ ते. आणि असलाच, तरी साव्हेरिओ त्यातला नव्हता. मला माहीत असतं."

तेवढ्यात मावशीच दारात उभी राहिली. मोम्मो उठला. "मावशी, 'इज्जतदार माणूस' लिहू या. दगड माझ्याकडून."

"इज्जतदार कसला! मापात मारायचा मेला. पण चालायला लागला की गल्ली बघत राहायची."

मोम्मोने टोपी काढून तिची कड चाचपली. मग हळूच म्हणाला, "आणि मी? म्हणजे... तुमच्या जुन्या अर्थानं?"

मावशीने त्याला बुटांपासून टकलापर्यंत नीट न्याहाळलं.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "तू नाहीस."

लिबोरिओने भिंतीकडे तोंड केलं. मोम्मोने टोपी घातली, सरळच, आणि तो निघून गेला.

लिबोरिओने दोन दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही. मोम्मोला हरकत घ्यायची, तर असा शब्द आहे हे आधी कबूल करावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी त्याने कोरायला घेतलं.

दगड बसवायच्या दिवशी पाद्रीबाबांचं नेमकं पोट बिघडलं. मावशीने एकटीनेच प्रार्थना म्हटली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि लिबोरिओकडे वळली.

"जरा मोठं काढायला काय झालं होतं तुला?"