टेकायला माणूस

मी कुशनं बनवतो. त्यांच्यावर आमच्याच परिसराचा देखावा असतो: बंद पडलेल्या काचकारखान्याची विटांची चिमणी, मागे बोडकी टेकडी, कोपऱ्यात गंजलेली पाण्याची टाकी. धंदा एकट्याचा आहे, पण नमुना पास करायला दोन माणसं लागतात. एकाने टेकून बसायचं, दुसऱ्याने बघायचं. चिमणी वाकली तर कापूस जास्त झाला, टेकडी खचली तर कमी पडला. स्वतःच टेकून स्वतःच बघता येत नाही. मी करून पाहिलंय, मान बरेच दिवस तशीच राहिली.

टेकायचं खातं आईकडे होतं. टेकली की घोरायलाच लागायची, तसूभर हलायची नाही. असं स्थिर माणूस या धंद्यात मिळत नाही. मग ती ताईच्या बाळंतपणाला गेली. "दोन महिन्यांत येतेच," म्हणाली होती. बाळ आता पळतं.

तिच्या जागी मी मातीचं पोतं बसवलं. उघडं बरं दिसेना, म्हणून त्याला आईचा स्वेटर घातला. दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंनी जिन्यात अडवलं.

"आई आल्या वाटतं! खिडकीतून हाक मारली, वळूनसुद्धा बघितलं नाही. रागावल्यात का माझ्यावर?"

"थोड्या," मी म्हटलं.

काकू संध्याकाळी माफी मागायला आल्या. मी दारातूनच पोत्याच्या वतीने माफ केलं. आत येऊन पोत्याला विचारलं, "चहा घेणार?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिलो. तेव्हा ठरवलं, आईला परत आणायचं.

पण "आई, ये" असं सरळ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी तिच्यासाठी खास कुशन केलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तसं सगळं: चिमणी, टेकडी, टाकीवरचा गंजाचा ओघळ, खिडकीची तडकलेली काचसुद्धा. हे बघितलं की बाई पिशवी भरणार, याची मला खात्री होती. कुरियर केलं.

तिचा फोन आला. "पोचली रे उशी! अगदी आपली खिडकी! मी रडलेच. तुझी ताई घाबरली ना!"

मी मनातल्या मनात तिचं तिकीट काढलं.

"आणि सांगू का, इथे आल्यापासून पहिल्यांदा शांत झोपले. डोळे मिटले की सारखं घर दिसायचं. आता ते उशाशीच आहे. ताई म्हणते, राहा कायमची. म्हटलं, आता राहीन."

"बरं."

"तुला चालेल ना? एकटा पडशील."

"एकटा कुठे? धंदा आहे की."

"शहाणा माझा तो. बरं ऐक, आणखी एक पाठव. कारखान्याचं फाटक जमेल?"

"जमेल. उघडं करू की बंद?"

फोनमध्ये मागे बाळ काहीतरी आपटत होतं.

"बंदच कर," ती म्हणाली. "उघडं दिसलं की निघावंसं वाटतं."

"बरं," मी म्हटलं, आणि कुलूप कुठल्या रंगाचं हवं ते विचारलं.