कानशिलावरचा हात

पिशोरच्या दंगलीतली शेवटची कुस्ती इंद्रजीतनं मारली तर आपल्या पदरात काय काय पडेल, हे सर्जेराव वस्तादांनी गालाला साबण लावता लावताच मांडून ठेवलं होतं. पहिली, चांदीची गदा. तिच्यासाठी तालमीच्या भिंतीवर, हनुमंताच्या तसबिरीखाली, खिळा आधीच ठोकून झाला होता. मग पडेगावच्या बन्सी वस्तादाची मान. बन्सीनं मॅट अंथरली, पंखे लावले आणि सर्जेराव राहत त्या छावणी भागातली निम्मी पोरं तिकडं ओढून नेली. ती मान एकदा खाली गेलेली सर्जेरावांना बघायची होती. आणि जिममध्ये आरशासमोर उभी राहून स्वतःच्या दंडाचे फोटो काढणारी उरलेली पोरं आपापल्या बापांना घेऊन, नारळ-पेढ्यांसकट मातीत परत येतील, हा वरचा फायदा. कुस्ती हरली तर मात्र तालमीची जागा टायरवाल्याला देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. टायरवाला येऊन भिंती टोकरून गेलाही होता.

खर्चाच्या बाजूला त्यांनी काहीच धरलं नव्हतं. इंद्रजीत घरचा होता. घरच्याला कोण खर्चात धरतं?

इंद्रजीत म्हणजे सर्जेरावांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या, धाकट्या बहिणीचा मुलगा. आई गेली, बापानं दुसरा संसार मांडला, आणि मनकर्णाबाई पिशोरला जाऊन त्याला उचलून छावणीत घेऊन आल्या. तेव्हा अंगावरचा सदरा गुडघ्यापर्यंत येणारं हे पोर आता दारातून आत येताना खांदे तिरके करत होतं. देवानं देह देताना हात आखडला नव्हता, राग देताना मात्र साफ विसरला होता. समोरच्याला उचलून आपटायच्या ऐवजी हा त्याला हळूच खाली ठेवायचा, वर लागलं का म्हणून विचारायचा.

सर्जेरावांनी आधी शिव्या देऊन पाहिल्या. शिव्या संपल्यावर इंद्रजीतनं विचारलं, "वस्ताद, पानी आनू का?" मग त्यांनी त्याच्या मेलेल्या आईवरून एक घाण वाक्य काढलं. त्यावर तो कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसून मुकाट रडला, डोळे पुसले आणि राहिलेल्या बैठका मारायला उठला. अशा माणसाचं करायचं काय?

राग होता तो सर्जेरावांच्या पोटच्या पोराकडं, शिवराजकडं. पण शिवराजचा गुडघा कुस्तीला पार निकामी झालेला. तो कडेला बसून नुसता धुमसायचा. शिवराजची एक खोड घरात सगळ्यांना माहीत होती. कोणी मागून कानाला हात लावला की तो आधी फटका मारायचा आणि मग कोण आहे ते बघायचा. ही खोड आली कुठून, हे सर्जेरावांना पक्कं ठाऊक होतं. लहानपणी पाढे चुकले, दूध सांडलं की त्यांचाच पंजा त्या कानावर पडायचा. दुसऱ्या एखाद्या बापाला यात चूक दिसली असती. सर्जेरावांना रीत दिसली. एका पोरात राग असा भरता येतो, तर दुसऱ्यात का नाही?

मग तालमीत नवा शिरस्ता सुरू झाला. मोबाइलवर हलगीचा आवाज लावायचा, स्पीकर मोठा करायचा. इंद्रजीतला मातीत उभं करायचं आणि उजव्या हाताची सणसणीत चपराक त्याच्या डाव्या कानावर ओढायची. चपराक बसली की शिवराजनं आणि आणखी एकानं त्याच्यावर तुटून पडायचं, आणि ते खोटं खोटं नाही. बरगडीत गुडघा, नरड्यावर मनगट, तोंडात माती. इंद्रजीतनं समोरच्याची पाठ मातीला लावेपर्यंत मार थांबायचा नाही. पाठ लागली की सर्जेराव बोटानं हलगी बंद करायचे, इंद्रजीतचा हात धरून वर करायचे आणि खारकेचा तुकडा त्याच्या तोंडात घालायचे.

पहिले काही आठवडे त्यानं नुसता मार खाल्ला. नाक फुटलं, एक दात हौद्यात पडला तो सापडलाच नाही. मग एका सकाळी चपराक बसली, आणि शिवराज पुढं सरकायच्या आतच इंद्रजीतनं त्याला उचलून भिंतीवर फेकला. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. शिवराज खाली पडून हसत सुटला, तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला, "आबा, झालं बगा तुमचं यंत्र तयार."

सर्जेरावांनी हलगी बंद केली. यंत्रही बंद झालं. हात वर, तोंड उघडं, खारकेची वाट बघत. सर्जेराव त्या दिवशी दाढी न करताच बाजारात हिंडून आले, एवढा त्यांना आनंद झाला होता.

हे मनकर्णाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते जेवणाच्या ताटावर कळलं. इंद्रजीत घरात आला की दोन्ही हात त्याच्या तोंडावरून उतरवून कानशिलांशी न्यायचे आणि मग स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडायची, हा त्यांचा वर्षांनुवर्षांचा परिपाठ. पोर डोळे मिटून, मान पुढं करून ती माया घ्यायचं. त्या दिवशी त्यांचा हात कानाजवळ गेला आणि ताट उडालं. वरण भिंतीवर. इंद्रजीत कोपऱ्यात पाठ टेकवून उभा, मुठी वळलेल्या. मग त्याला दिसलं की समोर मावशी आहे, आणि तो खाली बसून फरशीवरचा भात गोळा करायला लागला.

मनकर्णाबाईंनी नवऱ्याला गाठलं. "अहो, पोराच्या अंगात काय घातलं तुमी?"

"जिगर घातली. नव्हती ती."

"घालायचं कळलं तुमाला. काढायचं कळतंय का?"

सर्जेरावांनी ते हसण्यावारी नेलं. पण ताट उडाल्याचं त्यांनी ध्यानात घेतलं आणि बायकोला बजावलं, "पिशोरची कुस्ती होईस्तोवर त्याच्या डोक्याला, कानाला हात लावू नकोस. कुस्ती झाली की तुझा तुला परत." मनकर्णाबाईंनी व्हय म्हटलं आणि पाळलं. शब्दाला जागणारी बाई. यातच पुढचं सगळं आलं.

पिशोरच्या मैदानात ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटची जोडी लागली. बन्सीचा पठ्ठ्या आकाश पायानं चपळ, मॅटवर तयार झालेला. त्यानं शड्डू ठोकला तेव्हा माणसं उठून उभी राहिली. इकडं सर्जेरावांनी इंद्रजीतच्या पाठीला माती चोळली, हलगीवाल्याकडं बघितलं आणि भर आखाड्यात त्याच्या डाव्या कानावर पंजा ओढला. बघ्यांना ते नवीन नव्हतं, गडी तापवायला वस्ताद मारतातच. आकाशनं वाकून पायाला हात घातला. इंद्रजीतनं तो हात वरच्या वर धरला आणि पिळला. खांदा निखळल्याचा आवाज हलगीच्या वरून ऐकू आला. आकाश ओरडला, कुस्ती सोडली म्हणून दुसऱ्या हातानं माती थोपटली, पण इंद्रजीतच्या शिकवणीत माती थोपटणं नव्हतं. त्यानं त्याला निखळलेल्या खांद्यावरच उचलून आपटलं आणि नरड्यावर मनगट दाबलं. आकाशचं तोंड आधी लाल झालं, मग मातीच्याच रंगाचं. पंच दोन्ही हातांनी ओढत होते. शेवटी एका पंचानं हलगीवाल्याच्या हातातली काडी हिसकली, आणि आवाज थांबताच इंद्रजीत उठला. हात वर करून सर्जेरावांकडं बघत राहिला.

सर्जेराव गदा घेत होते तेव्हा बन्सी जवळ आला. त्याची मान सरळच होती. "सर्जेराव, तुमचं पोरगं कुस्ती नाय खेळत. मारातून सुटायला बघतंय ते. सांभाळा."

सर्जेरावांना यात फक्त जळफळाट ऐकू आला. परतीच्या जीपमध्ये त्यांनी ते वाक्य शिवराजला दोनदा ऐकवलं, नक्कल करून. इंद्रजीत मागं बसून विचारत होता की आकाशचा हात बरा होईल ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या बाजारातून मिरवणूक निघाली. पुढं हलगी, खऱ्या माणसांनी वाजवलेली, मागं गुलालात बुडालेला इंद्रजीत, आणि त्याच्या शेजारी गदा खांद्यावर घेतलेले सर्जेराव, जणू कुस्ती त्यांनीच मारली होती. शिवराज पाय ओढत सगळ्यांना पेढे भरवत होता. घरासमोर आले तेव्हा मनकर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. एका पोरानं मोबाइल धरून सर्जेरावांना इकडं बघा म्हटलं. सर्जेरावांनी गदा जरा उंच केली.

त्याच वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना बायकोचे दोन्ही हात वर जाताना दिसले. नको, हा शब्द त्यांच्या तोंडात आलाही होता. पण तोंड फोटोसाठी बंद होतं.

मनकर्णाबाईंच्या हिशोबानं कुस्ती झाली होती आणि पोर परत मिळालं होतं. हलगी पायरीपाशीच दणाणत होती. त्यांचे तळवे त्याच्या कानांना लागले.

पहिल्या फटक्यानं मनकर्णाबाई उंबऱ्यावर आडव्या झाल्या. डाव्या कानातून रक्त आलं, ठेवणीतलं लुगडं भिजलं. इंद्रजीत त्यांच्यावर वाकला, मनगट त्यांच्या गळ्याकडं निघालं, आणि शिवराज मधे पडला. तालमीत रोज पडायचा तसाच, भावाच्या अंगावर. फरक एवढाच की खाली मऊ माती नव्हती. इंद्रजीतनं त्याला कमरेतून उचललं, खांद्यावरून फिरवलं आणि ओट्याच्या दगडी पायरीवर पाठीवर आपटलं. पायरीच्या धारेवर पाठ मोडली. शिवराज ओरडलाही नाही. इंद्रजीत त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, तोंडावर, नरड्यावर, सापडेल तिथं. मागच्या लोकांना वाटलं पोरं खुशीत मस्ती करताहेत. ते शिट्ट्या वाजवायला लागले. हलगीवाल्यांना शिट्ट्या ऐकून आणखी चेव चढला.

सर्जेरावांनी गदा टाकली. हात खिशात घातला, मोबाइल काढला आणि बोटानं हलगी बंद केली.

आवाज थांबला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. इंद्रजीतला शिकवताना त्यांचं बोटही शिकून बसलं होतं, आणि त्या बोटाला कोण सांगणार की आजची हलगी चामड्याची आहे, ती चार माणसांच्या गळ्यात आहे. ते भानावर येऊन धावले, एकाची हलगी फोडली, दुसऱ्याला ढकलून पाडलं, उरलेले दोघं आपसूक थांबले. मग गल्लीत एकदम शांतता झाली.

इंद्रजीत उठला. दोन्ही मुठी रक्तानं भरलेल्या. त्यानं उजवा हात वर केला, सर्जेरावांकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

खारकेसाठी.

मग त्याची नजर खाली गेली.

पुढचं लांबण लावण्यात अर्थ नाही. कोणी काय भरलं तेवढं सांगतो. आकाशचा हात खांद्याच्या वर जात नाही, मॅट त्याच्यासाठी संपली. शिवराज जगला, पण कमरेखाली त्याला काही कळत नाही. तालमीच्या दारात खाट टाकून दिली आहे, तिथं तो पडून असतो. आता कोणी कानाला हात लावला तरी तो फटका मारत नाही. इंद्रजीत हर्सूलच्या तुरुंगात आहे. वकिलानं आधी काय झालं ते नीट सांग म्हटलं, तर तो म्हणाला की मी मारलं एवढंच खरं, वस्तादांचं नाव मधे आणू नका.

सर्जेरावांनी मांडलेलं मात्र सगळं मिळालं. गदा खिळ्यावर आहे. बन्सी दवाखान्यात आला होता, शिवराजच्या खाटेपाशी मान खाली घालून कितीतरी वेळ उभा राहिला. टायरवाला परत फिरकला नाही. आणि पोरांचे बापही आले, नारळ घेऊन. त्यांनी मोबाइलवर ते दृश्य पाहिलं होतं. त्यांतला एक जण आपल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वस्ताद, ह्यो लई मऊ हाय. ह्येच्यातबी तसली आग घाला." सर्जेरावांनी त्या पोराच्या कानाकडं बघितलं आणि नारळ परत केला. का परत केला ते त्यांनी घरी जाऊन सांगायचा प्रयत्न केला.

मनकर्णाबाई दर मुलाखतीला हर्सूलला जातात, डबा चालत नाही म्हणून रिकाम्या हातानं. जाळीपलीकडून इंद्रजीत मान पुढं करतो. त्या हात पदराखाली घट्ट धरून ठेवतात आणि उजवा कान जाळीला लावतात, कारण ऐकू येतं ते त्याच कानानं. घरी त्या सर्जेरावांना वेळेवर वाढतात, पाणी ठेवतात, वावगा शब्द काढत नाहीत. फक्त ते बोलायला लागले की तोंड वळवतात आणि डावा कान त्यांच्याकडं करतात.