माणूस निघालाय

बुटात खडा गेलाय हे मला घराजवळच्या कोपऱ्यावरच कळलं होतं. पण सहा दहाची बस चुकली की पुढची पाऊण तासाने. आणि बसमध्ये एका पायावर उभं राहून बूट काढण्याइतकी जागा कुणी माझ्यासाठी राखून ठेवली होती? दोन तास तो खडा अंगठ्याखाली घेऊन उभी राहिले. खिडक्यांवर आतून वाफ, बाहेरून बर्फ. पुलावर बस चाळीस मिनिटं नुसती गुरगुरत होती. माझा राग आधी ड्रायव्हरवर निघाला, मग थंडीवर, शेवटी त्या खड्यावर.

ऑफिसात पोचले तर फोन आधीच ठणाणा करत होते. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. थंडीत वीज ये-जा करते, लिफ्ट मध्येच बंद पडतात आणि आत अडकलेली माणसं मला फोन करतात. त्यांना सांगायचं वाक्य ठरलेलं आहे: "घाबरू नका, माणूस निघालाय." निघालेला असो वा नसो. ते ऐकलं की लोक दार बडवायचं थांबवतात. त्या दिवशी मेकॅनिक चार आणि बंद लिफ्ट सतरा. साहेब मागे उभे राहून "आवरा, आवरा" करत होते, जणू मी भांडी घासत होते. बूट काढायचं तर राहूनच गेलं.

अकराला शेजारच्या काकूंचा फोन आला.

"अगं, बुटात किल्ली नाहीये."

आमच्या जादा किल्ल्या दाराबाहेरच्या जुन्या बुटात असतात, वर्षानुवर्षं तिथेच. बर्फ पडला म्हणून अंधारात मी तेच बूट चढवले होते. टेबलाखाली बूट उपडा केला. दोन चपट्या किल्ल्या पडल्या, एक बाहेरच्या दाराची, एक स्वयंपाकघराची.

बाबा हल्ली विसरतात. स्लिपर घालून रस्त्यावर निघून जातात, गॅस उघडा टाकतात. म्हणून सकाळी त्यांना दूध आणि मधुमेहाची गोळी देऊन मी दोन्ही दारं बाहेरून लावते आणि अकराला काकू येऊन जेवायला वाढतात. उशीर झाला की त्यांची साखर उतरते. मागच्या वेळी ते मोरीत पडलेले सापडले होते.

मी घरी फोन लावला.

"हात थरथरतायत गं," बाबा म्हणाले. "काकू दारापलीकडून बोलतेय, पण उघडत नाही."

"घाबरू नका, माणूस निघालाय." सवयीने जीभच तशी वळली.

ते म्हणाले, "म्हणजे कुणी निघालेलं नाही."

याच कंपनीत बाबांनी तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. आजचा वार त्यांना सांगता येत नाही, पण या वाक्याचा अर्थ ते विसरलेले नाहीत.

घराजवळ आमचा एकच मेकॅनिक होता, सगळे त्याला लंबू म्हणतात. कुलूप उघडणं त्याला पाच मिनिटांचं काम. पण नाक्यावरून उजवीकडे माझं घर आणि डावीकडे, बऱ्याच अंतरावर, एक बाई पाऊण तास अंधाऱ्या लिफ्टमध्ये. तो तिच्याकडेच चालला होता. अडकलेला माणूस आधी, बाकी सगळं नंतर, हा आमच्याकडे कुणीच न मोडलेला एकमेव नियम.

"आधी माझ्या घरी जा," मी त्याला म्हटलं.

"ताई, आत बाई आहे."

"माहीत आहे. जा."

थोड्या वेळाने त्या बाईचा फोन आला. "येतंय ना कुणी? इथे जीव घुसमटतोय."

"माणूस निघालाय," मी म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलं. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला अजून लाज वाटते.

अर्ध्या तासाने घरून बाबांचा फोन. तोंडात घास असावा.

"हा पोरगा सांगतो, तिकडे लिफ्टमध्ये एक बाई अडकलीय."

"हो."

"तरी याला इकडे पाठवलंस?"

"तुमची साखर उतरली होती, बाबा."

"माझ्या दारापलीकडे काकू होती. त्या बाईच्या दारापलीकडे कोण आहे?"

"लंबूला फोन द्या, बाबा."

"हाकललाय त्याला तिकडेच," ते म्हणाले. मग आवाज बारीक झाला. "पण पाठवलंस ते... मी घाबरलो होतो गं."

फोन ठेवते तोच टेबलावरचा दुसरा फोन वाजला. तीच बाई.

"घाबरू नका," मी म्हटलं, "माणूस निघालाय." आता कुठे ते खरं होतं.

"मघापासून तुम्ही हेच सांगताय," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला नव्हता. मला ऐकू येत होतं. ती दार बडवायला लागली होती.