पॅनलावरची आंघोळ

बायनाबाईंच्या घरावरची सोलर पॅनलं कालच्या वावटळीनं अशी माखली होती, की खाली काच आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. याच पॅनलांवर बायकांच्या दूध सोसायटीचं थंड करायचं मशीन चालायचं. आज पुन्हा दूध नासलं तर केंद्र नांदूरघाटला हलवू, असं दूध संघानं बजावलेलं. टँकरचा पत्ता नव्हता. घरात उरलं होतं दोन बादल्या पाणी, तेही जावयाच्या आंघोळीचं. धोंड्याचा महिना, त्यात बद्रीनाथ नवे जावई. त्यांना बिनआंघोळीचं पुरणाच्या ताटावर कसं बसवायचं?

दुष्काळात सगळं गाव बाजेवर बसून आंघोळ करायचं आणि खालचं पाणी घमेल्यात धरायचं. घमेल्याच्या जागी पॅनल आलं तर? बायनाबाई जागच्या जागी उडाल्या.

"अवो, जावईबापूची बाज वर न्या! पॅनलाच्या वरल्या अंगाला टाका."

त्यांचे यजमान सुंदरराव हसत हसत बाज घेऊन चढले. मागून टॉवेल गुंडाळून, लाजत बद्रीनाथ.

खाली किटल्या घेऊन बायका जमल्या. पाण्याचा आवाज आला, पण मशीन ढिम्म.

"अगं, धूळ तर लईच चिकटली की!" सुंदरराव वरून ओरडले.

"तेल लावलं का काय?" बायनाबाईंनी खालून विचारलं.

"मंग! धोंड्याचा जावई हाय. वाटीभर चोळलं!"

"आता गं बया!" म्हणत कडूबाई किटलीवरच बसली. बायनाबाईंना मात्र हसू आवरेना. हाताचं तेल डाळीच्या पिठानं निघतं, मग काचेचं का नाही? पिठाचा डबा काखेत मारून त्या जिन्यावर धावल्या. मागून सगळ्या बायका.

एवढ्या बायका बघून बद्रीनाथांनी आहेराचं कोरं धोतर घाईघाईनं अंगाभोवती लपेटलं.

"जावईबापू, फडकं पायजे!"

बिचाऱ्यांनी अर्धं धोतर फाडून दिलं. पीठ उधळलं, तुकडे फिरले, बायका खिदळत काच घासू लागल्या. ऊन थेट काचेवर पडलं आणि खाली मशीन घुर्रर्र करून सुरू झालं. बायनाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. दूध वाचलं, केंद्र राहिलं.

संध्याकाळी सोसायटीची बैठक भरली. पाळीपाळीनं एकेकीचा जावई आंघोळीला बोलवायचा, तेल बंद, असं ठरलं.

"पण धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतोय," कुणीतरी म्हणालं.

"पाऊस पडंस्तोवर दर महिना धोंड्याचाच!" बायनाबाई म्हणाल्या, आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.