लपणाच्या भिंतीला लागलेली ऊब

आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे रक्षण करणे हे कर्तव्यच आहे; परंतु त्यासाठी दुसऱ्या जिवाला फसवून जवळ बोलवावे लागत असेल, तर बोलावणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. जो स्वतः अदृश्य राहतो, त्याने तरी नीट पाहिले पाहिजे. मित्रांनो, एवढे एकच सांगण्यासाठी मी आज तुमच्याशी बोलत आहे.

मी एक जुने कापडी लपण आहे, म्हणजे शिकाऱ्याने आत लपून बसायचा छोटा तंबू. बाहेरून हिमासारखे पांढरे, आतून काजळासारखे काळे. आत बसलेल्याची आकृती बाहेरून दिसू नये म्हणून. माझ्या प्रत्येक भिंतीच्या मध्यावर लवचीक काड्यांची गाठ आहे. ती बाहेर ओढली की मी उभे राहते, आत ढकलली की छत्रीसारखे मिटते आणि पिशवीत बसून माणसाच्या पाठीवरून माळभर हिंडते. अमेरिकेतल्या मोंटानाच्या पूर्व भागातील मेंढपाळ हाल्वर याने मला घरी आणले, तेव्हा शेजारी म्हणाला होता, "आता कोयोटींसाठी खुर्च्या पण मांड, हाल्वर. कॉफी मी घेऊन येतो."

कोयोटी हा कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान आणि दोघांहून सावध असा प्राणी. त्याच्यासाठी माझ्या पोटात बसून लाकडी पिपाणीतून जखमी सशाचा आवाज काढायचा आणि वाट पाहायची. असे माझे अनेक हिवाळे गेले. परतल्यावर हाल्वरची पत्नी मला चुलीजवळच्या दोरीवर पसरून कोरडे करीत असे, माझ्या खिडक्यांच्या चेनींवर मेण घाशीत असे. मग ती वारली. दोरी तिथेच राहिली, पण तिच्यावर कोणी काही घातले नाही. शहरातून मुलगी रग्ना परत आली. बाप-लेक एकाच टेबलाशी जेवत, आणि दोघांपैकी कोणालाच काही चव लागत नसे.

त्या जानेवारीत कोयोटींनी गाभण मेंढ्या फाडल्या. कळप राखणारी लोट्टा कुत्री त्यांच्या मागे धावली, ती परतलीच नाही. करड्या रंगाची ही कुत्री हाल्वरच्या पत्नीने बाटलीने दूध पाजून वाढवली होती. हाल्वर एवढेच म्हणाला, "गेली ती." रग्नाने मान हलवली. मला वाटते, रडण्याइतकी ऊब त्या घरात उरली नव्हती.

त्यानंतर ते दोघे मला घेऊन माळावर बसू लागले; एके दिवशी आत शेगडी पेटवली होती. माझ्या छतावरचे हिम वितळून मी चिंब झाले होते. तसेच ओले मला हाल्वरने मिटले. "उद्या परत लावायचंच आहे."

"आई असती तर तुम्हालाच दोरीवर वाळत घातलं असतं," रग्ना म्हणाली.

"मग निदान कोरडा तरी झालो असतो."

रात्रभर मी गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात पडून होते. सकाळी माळावर मला उभे केले, तेव्हा मी लाकडासारखे कडक झाले होते. खिडकीची चेन गोठली होती. ती बोटभर उघडली आणि अडली.

"जोर लाव," हाल्वर म्हणाला.

"दात तुटतील. आणि त्या आवाजानं सगळा माळ जागा होईल."

"असू दे तेवढी फट. बंदुकीला पुरते."

बंदुकीला पुरली, मित्रांनो. डोळ्यांना पुरली नाही. आतल्या श्वासांनी फटीच्या कडेला हिमाची झालर धरली.

सशाच्या आवाजाला कोयोटी सरावले होते. म्हणून हाल्वरने त्या दिवशी कोकराचे बें-बें काढले. थोड्या वेळाने काहीतरी करडे, खाली मान घातलेले, हिमावरून येताना दिसले. त्याच्या आसपास ना झाड ना खांब. ते किती मोठे, किती दूर, काही ठरेना.

रग्नाने हातमोजा काढला. या घराची एक रीत होती. थंडीने बोटे बधिर तर झाली नाहीत ना, हे कळावे म्हणून चापाला बोट लावण्यापूर्वी अंगठा करंगळीला टेकवून पाहायचा; टेकला नाही, तर बंदूक उचलायची नाही. रग्नाचा अंगठा अर्ध्यावरच थांबला.

"मार ना," हाल्वर पुटपुटला.

"बोटं नाहीत, बाबा."

"पळेल तो. दे इकडे."

"रीत तुमचीच आहे." तिने हात काखेत घातला आणि बंदूक मांडीवर घट्ट धरून ठेवली.

हाल्वरने पुन्हा पिपाणी फुंकली. ते करडे लंगडत सरळच आले. कोयोटी असा सरळ येत नाही. तो वळसा घालतो, वारा हुंगतो, मग ठरवतो. हे हाल्वरला तेव्हा उमगले आणि पिपाणी त्याच्या ओठांवरच राहिली.

मग माझ्या भिंतीला एक खांदा टेकला. त्या सबंध हिवाळ्यात मला बाहेरून लागलेली ती पहिली ऊब. आत कोकरू रडते आहे, या समजुतीने लोट्टा फाटलेला कान आणि सुजलेला पाय घेऊन आपल्या कामावर हजर झाली होती.

रग्ना बाहेर आली, हिमात गुडघ्यांवर बसली आणि उघडा हात तिच्या मानेच्या केसांत खुपसून बसून राहिली.

"काहीच जाणवत नाहीये, बाबा."

"जाणवेल," हाल्वर म्हणाला. "आधी दुखेल."

त्या संध्याकाळी त्याने मला चुलीजवळच्या दोरीवर स्वतः पसरले. मेण शोधायला मात्र त्याला फार वेळ लागला. कोकराचा आवाज त्याने पुन्हा कधी काढला नाही.

मी अजूनही माळावर जाते. कोयोटी येतात, काही परत जातात, काही जात नाहीत. आता माझा पांढरा रंग पिवळटला आहे. मित्रांनो, माझ्यासारखे लपण तुमच्या हाती आले, तर त्याला ओले मिटू नका. खिडकी पूर्ण उघडेपर्यंत आणि बोटे परत येईपर्यंत थांबा.

लोट्टाच्या पायाला बळ लाभो. रग्नाच्या बोटांत जाणीव राहो, दुखली तरी राहो. हाल्वरची दोरी रिकामी न राहो. आणि त्या सकाळी जो कोयोटी आलाच नाही, त्यालाही त्याच्या वाटेवर ससा मिळो.