परातीत उतरलेली मूळव्याध

किन्हीराजा गावाच्या मैदानात त्या रविवारी दोनशे बाप्ये जमले होते आणि दोनशेंचंही एकाच जागी दुखत होतं. एरवी ज्या जागेचं नाव माणूस बायकोपुढे काढत नाही, तिचा जयघोष लाऊडस्पीकरवरून चालला होता.

"नाडीतून पायात, पायातून परातीत, परातीतून मातीत! बवासीर खतम!" परातबाबा गरजले. बाबा बारा वर्षं हिमालयात तप करून आले होते. जीप मात्र शेजारच्या जिल्ह्यातली होती. सभेला बायकांना मनाई. बाईची सावली परातीवर पडली की मंत्र फुटतो म्हणे.

शालिग्रामचा नंबर लागला. त्यानं माईकवरून आपलं दुखणं सगळ्यांना सांगितलं. पाच महिन्यांपासून त्याला शौचाला रक्त पडत होतं. जाऊन आला तरी पुन्हा जावंसं वाटे, पोट मोकळं झालंसं वाटतच नसे. वजनही उतरलं होतं. ही मूळव्याधच, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं, कारण मूळव्याधीनं कुणी मरत नाही. बाबांनी त्याच्या तळपायांना हळद फासली आणि परातीतल्या नितळ पाण्यात उभं केलं. पाणी लाल!

"पहा, सडकं रक्त उतरलं! अजून एक परात, की मुळासकट जाईल!"

शालिग्रामला तिथंच हलकं वाटू लागलं. नंतरचे दोन दिवस रक्त पडलंही नाही. मग कोण डॉक्टरकडे जातो?

बुधवारी त्याची बायको चतुराबाई धुणं धूत होती. एकदम ओरडली, "अवो, इकडं या! तुमच्या धोतराले बी मूळव्याध झाली जी!"

धोतराच्या काठाला लागलेली हळद साबणानं लालभडक झाली होती.

"थट्टा नोको करू चतुरा."

"थट्टा कायची? लग्नातले हळदीचे कपडे धुतले का असेच लाल होतात. कोन्याही बाईले इचारा. पन तुमच्या सभेत समदे बाप्येच. त्याहीनं जन्मात कधी धोतर धुतलं हाये का?"

पुढच्या रविवारी ती हळद फासलेलं लाटणं घेऊन सभेत शिरली. "बाईची सावली!" बाबा किंचाळले. तोवर लाटणं परातीत बुडलं होतं आणि पाणी लाल झालं होतं.

"बाबा, माह्या लाटन्याले बी मूळव्याध निंगाली. पथ्य काय सांगता? पोळ्या बंद करू का?" मग तिनं गर्दीकडे पाहिलं. "अरे, ह्या पान्यात चुन्याची निवळी हाये. हळदीले चुना लागला का लाल होते. माही माय कुंकू असंच करे!"

मैदान हसलं. बाबांची जीप पुढची तारीख न सांगताच निघाली.

शालिग्रामही पोट धरून हसला. सोमवारी सकाळी पुन्हा रक्त पडलं.

"परातीतलं रक्त खोटं होतं," चतुराबाई म्हणाली. "हे तं खरं हाये ना? चला वाशिमले."

वाशिमला डॉ. वर्षाराणींनी सगळं ऐकून घेतलं. "आत बोट घालून तपासावं लागेल, काका."

"मले लाज वाटते बाई."

"दोनशे मानसाईसमोर माईकवर सांगतानी नाई वाटली?" चतुराबाईनं विचारलं.

तपासणी मिनिटभरात झाली. बोटाला गाठ लागली. पुढे दुर्बिणीनं तुकडा काढून तपासला, स्कॅनही केला आणि अहवाल आले.

"मूळव्याध नाही, काका. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, गुदाशयाचा कर्करोग आहे. पण दुसरीकडे पसरलेला नाही. बरा होऊ शकतो. आधी किरणं आणि औषधं, मग ऑपरेशन."

"पोटाले संडासाची पिशवी लावतात म्हने?"

"कुणाला काही महिने, कुणाला कायमची, कुणाला नाहीच. गाठ कुठं आहे त्यावर ठरतं. पहिल्याच महिन्यात आला असता तर कदाचित उपचार सोपे पडले असते."

ऑपरेशननंतर शालिग्रामला पिशवी चार महिने लागली. आता तो शेतात जातो आणि पारावर बसून सगळ्यांना मोठ्यानं विचारतो, "रक्त पडते का रे कोनाले?" लोक खाली पाहतात, दुसऱ्या दिवशी एखादा हळूच त्याच्या घरी येतो.

वाचणाऱ्यांनो, शौचाला रक्त पडलं, शौचाची सवय बदलली किंवा वजन उगाच उतरू लागलं, तर रोगाचं निदान आपलं आपण करू नका. पुष्कळदा साधी मूळव्याधच निघते. पण ते तपासणाऱ्यानं सांगू द्या. तपासणीला एक मिनिट लागतं. शालिग्राम पाच महिने लाजला. गाठ तेवढ्या काळात अजिबात लाजली नाही.