पुस ती!

मिडफिल्डर नेमकं काय करतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गोल मारत नाही, गोल अडवतही नाही. आमच्या ह्यांना, म्हणजे एकनाथरावांना, विचारलं तर म्हणाले, "अगं, मधे असतो. इकडचा बॉल तिकडे देतो." म्हणजे पोस्टमनच की! मग त्याने एवढं धापा टाकत पळायचं कशाला, असं विचारलं, तर एकनाथरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

तर असा एक मिडफिल्डर मार्चपासून अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या घरी राहतोय. सेनाद. बोस्नियाचा. इथले छोटे क्लब आपल्या खेळाडूंना कुणाकुणाच्या घरी ठेवतात. आमची लेक हिमानी नोकरीसाठी लांब फ्रिस्कोला गेल्यापासून आमचं बेसमेंट रिकामंच होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं. मला वाटलं, विशीतलं पोरगं येईल. आला तो पस्तिशीचा बाप्या, कानशिलावर पांढरे केस, आणि रोज प्रॅक्टिसनंतर दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून बसणारा. सतराव्या वर्षी गाव सोडलं, मग स्लोव्हेनिया, तुर्कस्तान, कझाकस्तान, मधेच कुठेतरी मलेशिया. मी म्हटलं, "अरे, एका जागी टिकत का नाहीस बाबा?" तर म्हणाला, "काकू, टिकवतात कुठे?"

काकू म्हणायला मीच शिकवलं. पाणी, पोळी, पुरे, हेही शिकवलं. 'पुरे' फार लवकर शिकला, कारण मी वाढायला लागले की थांबत नाही. आणि चिखलाचे बूट घेऊन दारात आला की मी ओरडायचे, "पाय पुस!" तेही त्याला पाठ.

शनिवारची मॅच शेवटची. त्यानंतर कोच डग ठरवणार होता, सेनादला पुढचं वर्ष द्यायचं की नाही. नाही म्हणाला तर व्हिसा खल्लास, आणि ह्या वयात दुसरा क्लब घेतोय कोण? आठवडाभर त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, खोटं कशाला बोलू. व्हिसाची धाकधूक काय असते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

लहानसंच मैदान, त्यामुळे आम्ही अगदी रेषेला खुर्च्या टाकून बसलो होतो. दोन्ही टीमचे एकेक गोल, शेवटची काही मिनिटं. तेवढ्यात धक्काबुक्कीत कुणाचं तरी कोपर सेनादच्या भुवईला लागलं. रेफरीचं लक्षच नाही, मेल्याचं! सेनाद तसाच उठून पळायला लागला. आता बॉल उंच उडून थेट त्याच्याकडे येत होता, आमच्या समोरच, आणि मला दिसलं की भुवईवरून रक्ताची धार निघालीये, डोळ्यात उतरणार. उभी राहून कोकलले, "पुस! पुस ती! अरे, पुस ती!"

आणि सेनादने बॉल सोडला. सोडला म्हणजे काय, चक्क बाजूला झाला, पाहुण्याला वाट द्यावी तसा. मागून दुसऱ्या टीमचा एक आडदांड पोरगा धावत आला, बॉल घेऊन गेला आणि गोल!

डगने टोपी जमिनीवर आपटली. सेनाद मागे वळून बघत होता, मागे आपलं कुणीच नाही हे बघून आणखीच गोंधळला. रक्त तर पुसलंच नाही त्याने. मला काही म्हणजे काही कळेना. मी ह्यांना विचारलं, "असं सोडायचं असतं का?" हे म्हणाले, "नसतं गं." टीम हरली.

मॅच संपल्यावर आम्ही पोचलो तेव्हा डग विचारत होता, का सोडलास म्हणून. सेनाद म्हणाला, "पाय थकले."

"थकले कसले!" मी मधेच तोंड घातलं. "मी पुस ती म्हणून ओरडत होते, रक्त पुसायचं सोडून बॉल काय सोडतोस, मेल्या?"

सेनाद माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, तो तुमचा आवाज होता?"

मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत 'पुस्ती' म्हणजे सोड. मागून आपला माणूस 'पुस्ती' ओरडला की बॉल सोडायचा, तो बघून घेतो.

"पण तुझ्या टीममधे तुझी भाषा येते कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"तेच मला कळत नाहीये," तो म्हणाला.

मी डगला सगळं समजावलं. इंग्रजी माझं बेताचं, त्यात हातवारे. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा समजलं, आणि ठसका लागेपर्यंत हसला. म्हणाला, म्हणजे पायांचा दोष नाही तर! सेनादच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारी ये, सही करून टाकू."

मला तर नाचावंसं वाटलं. पण सेनादने त्याचा हात हातात घेतला, थँक यू म्हणाला आणि सांगितलं की मी येणार नाही.

गाडीत बसल्यावर माझा भडका उडाला. "डोकं फिरलंय का तुझं? एवढ्या लोकांत मी तोंडाला फेस येईस्तोवर समजावलं ते कशासाठी?"

तो म्हणाला, "काकू, सगळ्या देशांत मी एकच ऐकलं. घे, पळ, परत आण, दे. सोड, मी आहे, असं कुणी ओरडलं नाही. आज ऐकलं आणि माझे पाय माझ्या आधी थांबले. इतकं बरं वाटलं, की मला लाज वाटली." पुढे हळूच म्हणाला, "गावी आई एकटी आहे. ती किती वर्षं हेच सांगतेय."

मागच्या सीटवर एकनाथराव घसा खाकरत राहिले. त्याचं बरोबर होतं, आणि मला ते मुळीच नको होतं. बेसमेंट पुन्हा रिकामं. सिग्नलला गाडी थांबवली तशी मी रडायलाच लागले.

"अरे, पण मी सोड म्हटलं नव्हतं रे," मी म्हणाले. "मी नव्हतं म्हटलं."